चुकलेल्या हिशेबाचा किनारा

चर्चगेटजवळची पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाची दगडी, घुमटाची इमारत 1899 साली पुरी झाली, तेव्हा तिच्या पश्चिमेला रूळ होते आणि रुळांच्या पलीकडे समुद्र. आज तिथून समुद्र गाठायचा तर वीर नरिमन रस्ता धरून ब्रेबॉर्न स्टेडियम मागे टाकत मरीन ड्राइव्हच्या कठड्यापर्यंत चालत जावे लागते. ब्रेबॉर्न, वानखेडे, मंत्रालय, विधानभवन, नरिमन पॉइंटच्या सगळ्या उंच इमारती, एनसीपीएची नाट्यगृहे हे सारे त्या रुळांपलीकडच्या पाण्यावर उभे आहे. ज्या जमिनीवरून महाराष्ट्राचा कारभार चालतो, ती सव्वाशे वर्षांपूर्वी नकाशात नव्हती.

मुंबईत जागा अपुरी पडत होती म्हणून समुद्र मागे सारला, असे एका वाक्यात हे प्रकरण उरकण्याची रीत आहे. जागा अपुरी होती हे खरेच. पण टंचाई मुंबईला बारमाही असते. समुद्र काही बारमाही बुजवला जात नाही. बाजारात पैसा उसळलेला असतो आणि जमिनीचे भाव आता चढतच राहणार असे शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटू लागते, तेव्हा भरणीचे नकाशे कपाटातून बाहेर येतात. याच किनाऱ्यापुढच्या बॅकबे या उपसागरात असे तीनदा झाले. तिन्ही वेळा हिशेब चुकला, मात्र चुकण्याची तऱ्हा निराळी होती, आणि आज आपण ज्या किनाऱ्यावर फिरायला जातो तो या चुकांमधूनच तयार झाला आहे.

त्याआधीच्या मुंबईतल्या भरण्या वेगळ्या होत्या. सात बेटांमधल्या खाड्यांतून भरतीचे पाणी आत शिरे, सखल भागात दलदल होई, रोगराई पसरे. अठराव्या शतकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत मुंबई आणि वरळी यांच्यामधले मोठे खिंडार बांध घालून बुजवले गेले. बांध पुन्हा पुन्हा ढासळे. शेवटी रामजी शिवजी या प्रभू कंत्राटदाराला देवीने दृष्टान्त दिला, समुद्रातून मूर्ती वर आल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी त्या बांधाचा उद्देश साधा होता: घरादारांत येणारे पाणी अडवणे. 1838 साली कुलाब्याकडे जाणारा रस्ता बांधला गेला, तोही दळणवळणासाठी. बॅकबेचे पाणी मात्र कोणाच्या दारात येत नव्हते. मलबार हिल आणि कुलाबा या दोन टोकांमधला तो उथळ, अर्धचंद्राकार उपसागर आपल्या जागी ठीक होता. तो बुजवायचा होता तो विकण्यासाठी.

पहिली लाट कापसावर आली. 1861 साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईमार्गे सोन्याच्या भावाने जाऊ लागला. पाचेक वर्षांत नेहमीच्या कमाईवर सात-आठ कोटी पौंड मुंबईत जास्तीचे आले, असा तेव्हाचा अंदाज आहे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली छापून निघाले ते याच धामधुमीत. गव्हर्नर बार्टल फ्रिअर किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळे करत होता आणि बाजारात बँका, वित्तसंस्था, जमिनीच्या कंपन्या रोज उगवत होत्या. या सगळ्याच्या मधोमध होता प्रेमचंद रायचंद हा दलाल. त्याच्या होकारावर कंपन्या तरत आणि नकारावर बुडत.

बॅकबे रेक्लमेशन कंपनी ही या काळातली सर्वांत लाडकी कंपनी. मुंबई-बडोदा रेल्वेला शहराच्या आत, कुलाब्याकडे जायला जागा हवी होती. कंपनीने समुद्र भरून ती द्यायची आणि बदल्यात उरलेल्या जमिनीवर बंगल्यांचे भूखंड पाडून विकायचे, असा बेत होता. पाण्यात दगड पडण्याआधीच पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. म्हणजे लोक जमीन विकत घेत नव्हते. उद्या होणाऱ्या जमिनीची आशा विकत घेत होते, आणि तीही उधारीवर. सरकारी आशीर्वाद असलेली बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्जे देत होती.

एप्रिल 1865 मध्ये जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईला पोचली तसा कापूस कोसळला. वायद्याचे व्यवहार पुरे करण्याची तारीख 1 जुलै होती. त्या दिवशी देणे असलेल्यांपैकी बहुतेकांकडे देण्यासारखे काही नव्हते. पेढ्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. या काळाचा वृत्तान्त दिनशा वाच्छा यांनी लिहून ठेवला आहे. तो वाचताना आश्चर्य वाटते ते लोक फसले याचे नव्हे, फसवणारा आणि फसलेला हे बहुधा एकच होते याचे. 1864 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती 8,16,562 होती. 1872 साली ती 6,44,405 भरली. पोटासाठी आलेली माणसे काम संपल्यावर गावी निघून गेली होती.

कंपनी मोडली, पण तिने घातलेली भरणाची चिंचोळी पट्टी मोडली नाही. सरकारने ती ताब्यात घेतली आणि रेल्वेला दिली. त्या पट्टीवरून गाड्या थेट कुलाब्याला जाऊ लागल्या. समुद्राकाठी बंगले होणार होते तिथे रूळ आले. प्रेमचंदचे वैभव गेले. त्याने भरभराटीच्या दिवसांत विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई टॉवर राहिला.

पुढची पन्नास वर्षे बॅकबे शांत होती. 1896 च्या प्लेगने शहराला जागेचा प्रश्न वेगळ्या रीतीने शिकवला. 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गर्दीच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हे त्याचे मुख्य काम. कुलाब्याच्या बाजूला कफ परेडची समुद्राकाठची मोकळी सडक ट्रस्टनेच केली, आणि तिच्या एका अंगाला श्रीमंतांचे बंगले झाले. त्या बंगल्यांपुढचा समुद्र आज दिसत नाही, त्याचे कारण पुढे येईल. 1912 च्या सुमारास किड नावाच्या अभियंत्याने बॅकबे भरण्याची योजना कागदावर मांडली. पहिले महायुद्ध आले आणि कागद बाजूला पडले.

युद्धाने पुन्हा पैसा आणला. गिरण्यांनी अफाट नफा कमावला, शहरात माणसांचा लोंढा आला. 1911 साली वस्ती 9,79,445 होती, 1921 साली ती पावणेबारा लाखांवर गेली. भाडी इतकी चढली की 1918 साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. 1919 च्या जानेवारीत लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. त्याच्या थोडे आधी, डिसेंबर 1918 मध्ये, जॉर्ज लॉइड गव्हर्नर म्हणून मुंबईत उतरला. वय चाळिशीच्या आत, स्वभाव घाईचा, कामाची हौस दांडगी. सिंधमधला सक्करचा बंधारा आणि भोरजवळचे भाटघरचे धरण या दोन्ही कामांना त्याचे नाव होते, आणि ती दोन्ही कामे यशस्वी झाली. त्याला नुसता बढाईखोर म्हणून निकालात काढता येत नाही ते यामुळे.

1920 साली लॉइडने विकास खाते उभे केले आणि त्याच्या डोक्यावर सर लॉलेस हेपर या रेल्वेतल्या माणसाला बसवले. खात्याला दोन मोठी कामे दिली होती. एक, गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधणे. दुसरे, कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत बॅकबेचा 1,145 एकर समुद्र भरून काढणे. कामगारांच्या खोल्यांत खोट येणार हे धरलेलेच होते. ती भरायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. बॅकबेत मात्र नफा होणार होता. जमीन विकायची, कर्ज फेडायचे आणि वर शिल्लक राहायची.

त्याच वर्षी 1 ऑगस्टला लोकमान्य टिळकांचे सरदारगृहात निधन झाले आणि याच बॅकबेच्या उत्तर टोकाला, गिरगाव चौपाटीवर, लाखोंच्या साक्षीने त्यांना अग्नी दिला गेला. पुढच्याच वर्षी मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभा राहिला, त्यातून सेनापती बापट पुढे आले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून मुळशीत जमिनीचा तलाव होत होता, आणि मुंबईत समुद्राची जमीन. दोन्हीकडे त्या पाण्यावर किंवा मातीवर जगणाऱ्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. बॅकबेच्या काठी होड्या लावणाऱ्या कोळ्यांचे म्हणणे विचारात घेऊन योजनेचा एखादा ठोकळा हलला, असे काही घडले नाही.

योजनेचा तांत्रिक आधार होता सर जॉर्ज ब्यूकॅनन. रंगून बंदर आणि युद्धकाळातले बसरा बंदर असा त्याचा मोठा लौकिक. त्याने उपसागराचे आठ ठोकळे पाडले. बाहेरून समुद्रात दगडांची लांबलचक भिंत घालायची. आत पडलेल्या पाण्यात गाळ ओतायचा. गाळ बसला की वर कोरडी माती आणि मुरूम टाकून जमीन तयार. दगड कांदिवलीच्या टेकड्या फोडून आगगाडीने येणार होता. गाळ येणार होता कुलाब्याच्या पलीकडून, म्हणजे पूर्वेच्या बंदराच्या तळातून. त्यासाठी विलायतेहून एक प्रचंड गाळउपसा जहाज मागवले, त्याचे नाव ‘सर जॉर्ज लॉइड’. जहाजाने बंदरात तळ उकरायचा, आणि पाण्याबरोबर तो गाळ नळांतून कुलाब्याच्या जमिनीवरून पश्चिमेला बॅकबेत सोडायचा.

कागदावर हे सुंदर दिसत होते. चार कोटींच्या आत काम होईल असा पहिला अंदाज होता. 1921 पर्यंत तो सात कोटींवर गेला, आणि तोवर खरे काम जेमतेम सुरू झाले होते. मग एकेक गोष्ट चुकत गेली. जहाज ठरलेल्या मापाच्या कितीतरी कमी गाळ देऊ लागले. जो गाळ येई त्यातला बराचसा भिंतीच्या दगडांमधल्या फटींतून भरती-ओहोटीबरोबर परत समुद्रात जाई. एका बाजूने पैसे देऊन समुद्र भरायचा आणि दुसऱ्या बाजूने समुद्राने तो फुकट रिकामा करायचा, असा हा उद्योग काही वर्षे चालला. दरम्यान युद्धानंतरची तेजी ओसरली. जमिनीचे ज्या भावाने पैसे होणार होते तो भाव राहिला नाही. डिसेंबर 1923 मध्ये लॉइडची मुदत संपली आणि तो मायदेशी गेला. त्याच्यामागे गव्हर्नर झालेल्या सर लेस्ली विल्सनच्या पदरी भिंत, गाळ आणि कर्ज आले. लोक उघडपणे या प्रकाराला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले.

तोवर राजकारणही पालटले होते. 1919 च्या सुधारणांनंतर कायदेमंडळात निवडून आलेले सभासद होते, ते प्रश्न विचारू शकत होते. त्यांत खुर्शेद फ्रामजी नरिमन हा तरुण पारशी वकील पुढे आला. स्वराज्य पक्षाचा माणूस, बोलायला बेडर. कंत्राटे कोणाला गेली, यंत्रे कोणत्या कसोटीवर घेतली, गाळाची मोजणी कोण करते, मोजलेला गाळ आणि प्रत्यक्ष भरलेली जागा यांचा मेळ का बसत नाही, हे तो सभेत आणि वर्तमानपत्रांत विचारत राहिला. नरिमनची खुबी भाषणात नव्हती, हिशेबात होती. साम्राज्यावर टीका करणारे त्या काळी पुष्कळ होते; साम्राज्याची बिले तपासणारे थोडे.

1926 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबादचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स अध्यक्ष होते, आणि सभासदांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. ज्या अभियंत्याने पुण्याजवळच्या खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले होते त्याच्यापुढे आता ब्यूकॅननच्या गाळाचा हिशेब आला. समितीने खर्चाच्या अंदाजांवर, देखरेखीवर आणि घाईवर ठपका ठेवला आणि सल्ला दिला तो व्यवहाराचा: आठांपैकी दोन्ही टोकांचे चार ठोकळे, म्हणजे उत्तरेचे पहिला-दुसरा आणि कुलाब्याकडचे सातवा-आठवा, पुरे करावेत, मधले चार सोडून द्यावेत. विकास खात्यातल्या हार्वे नावाच्या अभियंत्याने नरिमनवर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. तो खटला शहरात गाजला. 1928 साली नरिमन निर्दोष सुटला, आणि न्यायालयात खात्याच्या कारभाराचे जे धिंडवडे निघाले ते फिर्याद न करता निघाले नसते.

चार ठोकळ्यांची मिळून सुमारे 440 एकर जमीन झाली. त्यातली निम्म्याहून अधिक लष्कराने घेतली. जो नफा कागदावर मोजून दाखवला होता त्याचा पत्ता नव्हता. कर्ज मात्र मुंबई इलाख्याच्या बोकांडी बसले, म्हणजे ज्यांनी बॅकबे कधी पाहिली नव्हती त्या धुळे-साताऱ्याच्या करदात्यांच्याही.

खात्याच्या दुसऱ्या कामाचे काय झाले तेही इथेच सांगितले पाहिजे, कारण मुंबईचा इतिहास लिहिताना किनारा एका प्रकरणात जातो आणि चाळी दुसऱ्या. पन्नास हजारांऐवजी सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला उभ्या राहिलेल्या त्या काँक्रीटच्या चाळी म्हणजे बीडीडी चाळी. ही तीन अक्षरे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटचीच. 160 चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास, लहान खिडक्या. भाडे कामगाराला परवडेना, वरळी तर तेव्हा गिरण्यांपासून लांब. कित्येक चाळी वर्षानुवर्षे ओस पडल्या. 1930 च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. पुढे त्या भरल्या, इतक्या भरल्या की एकेका खोलीत गावाकडचे दहा-दहा जण राहिले, आणि कोकणातल्या, घाटावरच्या, दलित वस्त्यांतल्या माणसांचे सगळे सार्वजनिक आयुष्य तिथे घडले. कामगारांसाठी बांधलेले घर कामगाराला उपयोगी पडले, फक्त बांधणाऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे.

आता उत्तरेकडच्या दोन ठोकळ्यांकडे. इथे अपयशातून काहीतरी निराळे निघाले. रेल्वेने 31 डिसेंबर 1930 रोजी कुलाबा स्थानक बंद केले आणि चर्चगेट हे शेवटचे स्थानक झाले. दक्षिणेकडचे रूळ निघाले, समुद्र आणि शहर यांच्यामधला अडसर गेला. भरावाच्या कडेने उत्तरेकडे चौपाटीपर्यंत रुंद रस्ता घेतला गेला. मरीन ड्राइव्हच्या बांधकामाशी पालनजी मिस्त्री आणि भागोजीशेठ कीर यांची नावे जोडलेली आहेत. कीर हे रत्नागिरीचे. सावरकरांच्या प्रेरणेने तिथले पतितपावन मंदिर बांधणारे, आणि दादरच्या स्मशानभूमीसाठी जागा देणारे.

भूखंड घाईने विकायला बाजार नव्हता, आणि ही मंदी शहराच्या पथ्यावर पडली. विक्रीबरोबर नियम आले: उंची ठरलेली, रस्त्यापासूनचे अंतर ठरलेले, दर्शनी बाजूंनी एकमेकींशी जुळायचे. काँक्रीट नुकतेच मुंबईत रुळले होते. वळणदार कोपरे, आडव्या पट्ट्या, जहाजाच्या कठड्यासारख्या गच्च्या अशी आर्ट डेको घरे पाच-सहा मजल्यांच्या एका रांगेत उभी राहिली. या शैलीला मुंबईचे वळण देणाऱ्यांत गजानन म्हात्रे यांचे नाव आधी घ्यावे लागते. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची ‘सूना महल’ त्यांची. सूत गिरणीच्या मालकाचा वाडा नाही, गॉथिक कमान नाही. डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी भाड्याने राहायचे वाऱ्या-उजेडाचे ब्लॉक. मुंबईच्या मध्यमवर्गाने, निदान त्याच्या वरच्या थराने, पहिल्यांदा इथे स्वतःचे असे वास्तुशास्त्र उभे केले. 1937 साली ब्रेबॉर्न स्टेडियम आणि 1938 साली इरॉस चित्रपटगृह उघडले. 2018 साली युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या आणि मरीन ड्राइव्हच्या इमारतींना जागतिक वारशात घेतले.

हे सगळे लॉइडच्या आराखड्यात असेच होते असे कोणी म्हणू नये. आठही ठोकळे वेळेवर आणि तेजीत भरले असते तर आज मरीन ड्राइव्हची सरळ कडा कुलाब्यापर्यंत गेली असती आणि तिच्या मागे एकरच्या एकर जास्तीत जास्त भावाने विकलेले भूखंड असते. अर्ध्यावर थांबल्यामुळेच उपसागराला उपसागराचा आकार राहिला. कठड्यावर बसणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही, ही मुंबईतली दुर्मीळ गोष्ट आहे. ती मंदीने दिली आहे.

मधले चार ठोकळे स्वातंत्र्यानंतर पुन्हा बाहेर आले. 1955 साली सचिवालयाची इमारत भरावावर उभी राहिली होती, तिचे पुढे मंत्रालय झाले. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, मुंबई राजधानी झाली, कंपन्यांना कचेऱ्या हव्या होत्या आणि नव्या राज्याला पैसा हवा होता. सचिवालयाच्या पश्चिमेला समुद्र भरायला सुरुवात झाली. त्या टोकाला नाव दिले नरिमन पॉइंट. ज्या माणसाने बॅकबेच्या भरणीतला गैरकारभार चव्हाट्यावर आणला त्याचेच नाव भरणीच्या पुढच्या टप्प्याला मिळाले. नरिमन 1948 सालीच वारला होता.

हा तिसरा हिशेब पैशाने फसला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. 1972 साली एक्सप्रेस टॉवर्स, 1973 साली ओबेरॉय, 1974 साली एअर इंडियाची इमारत. जहांगीर टाटा आणि जमशेद भाभा यांनी एनसीपीएसाठी सरकारकडून जमीन मागितली तर मिळाला समुद्र. तो त्यांनी स्वतः भरून घेतला, आणि 1980 साली तिथे टाटा थिएटर उघडले. 1990 च्या दशकाच्या मध्याला इथल्या कचेऱ्यांचे भाडे जगातल्या सर्वांत महाग भाड्यांत मोजले जात होते.

फसला तो शहराचा हिशेब. 1965 साली ‘मार्ग’ त्रैमासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी अगदी साधा मुद्दा मांडला होता. मुंबई हे उत्तर-दक्षिण लांबट बेट आहे. दक्षिण टोकाला कचेऱ्या वाढवल्या तर सकाळी सगळे शहर एका दिशेला आणि संध्याकाळी सगळे दुसऱ्या दिशेला धावेल. उपाय खाडीपलीकडे नवे शहर वसवून त्यात सरकारी कचेऱ्या नेण्याचा होता. सरकारने ही कल्पना स्वीकारली, 1970 साली सिडको हे महामंडळ स्थापन केले, नव्या मुंबईसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित केल्या. आणि त्याच वर्षांत नरिमन पॉइंटचे भूखंडही विकले. एका हाताने गर्दी हटवण्याची योजना, दुसऱ्या हाताने गर्दी ओढण्याची. मंत्रालय हलले नाही. 1981 साली विधानभवनही त्याच्या शेजारी आले. विरारहून, कल्याणहून लोकलला लटकत येणाऱ्या माणसाने या निर्णयाची किंमत पन्नास वर्षे रोज चुकती केली आहे.

भूखंड वाटण्याची रीतही वादात सापडली. जाहीर लिलाव न करता बिल्डरांना ठोकळे तीन ते सहामधले भूखंड दिले गेले, असा आक्षेप घेऊन वास्तुविशारद आणि खासदार पिलू मोदी 1974 साली उच्च न्यायालयात गेले. कफ परेडचे बंगले तोवर समुद्रापासून तुटले होते. त्यांच्यापुढे भराव आणि भरावावर उंच इमारती. तिथल्याच मच्छीमार नगरच्या कोळ्यांना होड्या लावायला उरलेली फट तेवढी मिळाली.

त्यानंतर हात आखडले ते दिल्लीमुळे. 1981 साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटर किनारा मोकळा ठेवायला सांगितले. 1991 च्या फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि विक्रीसाठी समुद्र बुजवणे कायद्याने बंद झाले. ठोकळे तीन ते सहा पुरते भरलेच नाहीत. नरिमन पॉइंट आणि कफ परेड यांच्यामध्ये आज जे पाणी दिसते, ते लॉइडच्या योजनेचे उरलेले पाणी आहे. कचेऱ्या पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या, तेही मिठी नदीच्या दलदलीवर भराव टाकून केलेले. एअर इंडियाने आपली इमारत राज्य सरकारला विकण्याचा सौदा केला.

आणि मग किनारी रस्ता आला. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत 10.58 किलोमीटर, मलबार हिलखालून जुळा बोगदा, सुमारे 14 हजार कोटी रुपये, आणि समुद्रात 111 हेक्टर भराव. उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये त्याची पर्यावरण परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे चालू दिले, मार्च 2024 मध्ये पहिला टप्पा खुला झाला. यावेळी एक गोष्ट जुन्या तिन्ही वेळांपेक्षा वेगळी घडली. वरळी कोळीवाड्याने होड्या जायला दोन खांबांमध्ये जास्त जागा मागितली, काम अडवले, तज्ज्ञांशी वाद घातला, आणि 60 मीटरचे अंतर 120 मीटर करून घेतले. मागितले होते त्याहून ते कमी आहे. पण बॅकबेच्या दीडशे वर्षांत कोळ्यांच्या सांगण्यावरून अभियंत्यांचा आराखडा बदलल्याचे दुसरे उदाहरण मला सापडत नाही.

या नव्या 111 हेक्टरांवर घरे किंवा व्यापारी इमारती बांधता येणार नाहीत, अशी अट परवानगीतच घातलेली आहे. रस्त्यापलीकडे उरणारी जागा बागा आणि फिरण्याच्या वाटांसाठी आहे. जमिनीचे भाव पुन्हा चढतील तेव्हा ही अट सैल करण्याचा एखादा प्रस्ताव येईल आणि तोही शहराला जागा अपुरी पडते म्हणूनच येईल. तेव्हा नरिमनने गाळाबद्दल विचारले होते तसे प्रश्न मुंबईकरांनी विचारावेत: जागा किती, कोणाला, कोणत्या भावाने, आणि लिलाव कधी झाला.